मासेमारी बंदीचे दोन महिने आणि बोटीचे इंजीन

आपल्या कोरगावला समुद्र लागत नाही. पण पश्चिमेकडे थोडे गेले की हरमल, मांद्रे, केरीचा किनारा आहे, दक्षिणेला शापोरा नदी आहे, आणि आपल्या ताटातला बांगडा तिथूनच येतो. जून उजाडला की तो बाजारातून दिसेनासा होतो किंवा त्याचा भाव ऐकून पालकमंडळी खाऱ्या सुंगटांकडे वळतात. कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्यात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० सालचा. पावसाळ्यात अनेक जातींचे मासे अंडी घालतात, आणि समुद्रही खवळलेला असतो. म्हणजे या बंदीने मासा वाचतो आणि माणूसही वाचतो.

बंदीबद्दल वर्तमानपत्रांत दरवर्षी पुष्कळ छापून येते. पण त्या ६१ दिवसांत धक्क्यावर बांधून ठेवलेल्या बोटीच्या पोटातल्या इंजिनाचे काय होते, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. हा लेख त्याविषयी आहे. ज्यांच्या घरी बोट नाही त्यांनीही वाचावा, कारण बागायतीतला डिझेल पंप, भात मळायचे यंत्र किंवा सुटीत बंद पडून राहिलेला जनरेटर, या सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. केरी किंवा मोरजीच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या लहान होड्यांना मागे टांगलेले मोटर-इंजीन असते. ते दोन माणसांनी उचलून घरी नेता येते. ट्रॉलरचे तसे नाही. त्याचे डिझेल इंजीन बोटीच्या आत, तळाशी, जाड लाकडी किंवा लोखंडी बैठकीवर बोल्टांनी आवळलेले असते. तेथून एक लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, बोटीच्या मागच्या बाजूने पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. असे इंजीन काही उचलून घरी नेता येत नाही. ज्या जागी ते काम करते त्याच जागी त्याला पावसाळा काढावा लागतो, आणि ती जागा म्हणजे बोटीतील सर्वांत दमट, सर्वांत कमी वाऱ्याची जागा.

इंजिनासोबत कंपनीचे पुस्तक येते. त्यात हंगाम संपल्यावर इंजीन कसे ठेवावे याचे एक प्रकरण हमखास असते. परदेशी बनावटीच्या इंजिनाचे पुस्तक उघडले तर मात्र आपल्याकडचा वाचक गोंधळतो, कारण ते प्रकरण हिवाळ्यासाठी लिहिलेले असते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात तळी गोठतात. तेथील लोक ऑक्टोबरच्या सुमारास बोटी बाहेर काढतात आणि इंजिनातले पाणी थेंबनथेंब काढून टाकतात. का? विज्ञानाच्या तासाला पाण्याचे असंगत आचरण आपण शिकलो आहोत. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होताना आकुंचन पावते, पण त्याखाली उलट प्रसरण पावू लागते, आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ओतीव लोखंडाच्या बंद पोकळीत हे पाणी अडकले तर त्याला जागा नसते आणि लोखंड तडकते. एका रात्रीत लाखो रुपयांचे इंजीन भंगारात जाऊ शकते. म्हणून उरलेल्या पाण्याच्या जागी ते लोक न गोठणारे गुलाबी द्रव फिरवून ठेवतात.

पेडण्यात पाणी गोठत नाही. मग ते प्रकरण फाडून टाकायचे का? मुळीच नाही. त्यातली बर्फाविषयीची चार वाक्ये सोडली तर बाकीचे सर्व आपल्याला लागू पडते. किंबहुना अधिकच लागू पडते. थंड देशात हिवाळ्याची हवा पुष्कळदा कोरडी असते. आपल्याकडे मात्र बोट बंद राहते ती नेमकी वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यांत.

येथे थोडे रसायनशास्त्र पाहू. लोखंड गंजण्यासाठी प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात. पाणी म्हणजे वर ओतलेलेच पाणी हवे असे नाही, पृष्ठभागावर न दिसणारा ओलाव्याचा पातळ थर असला तरी पुरतो. आता आगरवाड्याकडचे गावठी जाडे मीठ आठवा. पावसाळ्यात बरणीत ते पाघळते, आणि आई त्यात तांदळाचे चार दाणे टाकते. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. जुलैत आपल्याकडची आर्द्रता बहुतेक दिवस ८५ टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे इंजिनावर खाऱ्या पाण्याचा शिंतोडा वाळून जो पांढुरका डाग पडतो, तो पावसाळाभर कधी वाळतच नाही. आणि खारे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे गंजण्याची क्रिया साध्या पाण्यापेक्षा वेगाने चालते. आपला शत्रू बर्फ नव्हे, मीठ आहे.

केरी-तेरेखोलची फेरीबोट पाहा. तिचेही इंजीन डिझेलचेच, पाणीही खारेच, पण ती वर्षभर चालते. रोज तापणाऱ्या इंजिनात ओलावा टिकत नाही, आणि तेल सगळ्या भागांवर फिरत राहते. यंत्र वापरून झिजते हे आपण ऐकलेले असते. न वापरता ते कसे सडते हे पाहायचे असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या धक्क्यावर जावे. उघडून ठेवलेली इंजिने, तेलाने माखलेले मिस्त्री आणि शेजारी हात बांधून बसलेले खलाशी तेथे दिसतील. हंगामाचे पहिले दिवस कमाईचे असतात. दूरच्या राज्यांतून आलेल्या खलाशांना बोट बंद असली तरी जेवण आणि उचल द्यावीच लागते. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे, शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे. ऑगस्टमध्ये लाटा अजून मोठ्या असतात. त्या पट्ट्यावरून बोट बाहेर काढताना नेमके तेव्हा इंजीन बंद पडले, तर बोट आडवी होते. तेव्हा मे महिन्यात वाचवलेले दोन दिवस फार महाग पडतात.

आता कामाकडे वळू.

पहिले काम तेल बदलणे. येथे पुष्कळ जण म्हणतात की दोन महिने इंजीन चालणारच नाही, मग नवे तेल आताच का घालायचे? ऑगस्टमध्ये घालू. दिसायला हा हिशेब बरोबर वाटतो, पण तो उलटा आहे. वापरलेल्या तेलात काजळी असते, जळणातून तयार झालेले आम्ल असते आणि थोडे पाणीही असते. इंजीन चालू असताना ते फिरत राहते. बंद झाल्यावर हेच काळे तेल बेअरिंगांच्या चकचकीत पृष्ठभागावर दोन महिने बसून राहते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक जास्त होते. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत १० भागांपर्यंत खाली आले आहे, त्यामुळे आम्लाचा त्रास पूर्वीइतका नाही. पण काजळी आणि पाणी आहेच. म्हणून शेवटच्या फेरीहून आल्यावर इंजीन गरम असतानाच जुने तेल काढावे. गरम तेल पातळ असते आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन येते. फिल्टर बदलावा, नवे तेल भरावे आणि इंजीन पाच-दहा मिनिटे चालवून ते सगळीकडे पोचवावे. गिअरबॉक्सचे तेलही त्याच वेळी पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काढलेल्या तेलाचे काय करायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी घरी विचारावाच. रात्रीच्या वेळी डबा हळूच नदीत उपडा करणे हा मार्ग नव्हे. ज्या शापोऱ्याच्या पात्रात तिसऱ्या वाढतात, ज्याच्या काठच्या खारफुटीत माशांची पिल्ले लपतात, तेथेच हे तेल तरंगत जाते आणि ओहोटीला चिखलावर बसते. वापरलेले तेल कायद्यानेही धोकादायक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यात पाणी किंवा डिझेल न मिसळता, अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

दुसरे काम पाण्याचे. बोटीच्या इंजिनाला मोटारीसारखा वाऱ्याने थंड होणारा रेडिएटर नसतो. पुष्कळ इंजिनांत पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा असतात. आतल्या वाटेत गोडे पाणी आणि कूलंट बंदिस्त फिरते. बाहेरच्या वाटेत पंप समुद्राचे पाणी ओढतो, ते नळ्यांच्या जुडग्यातून जाते, आतल्या पाण्याची उष्णता घेते आणि पुन्हा बाहेर पडते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. चुलीवरच्या दुधाचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून आपण दूध निववतो, तसेच हे.

बाहेरच्या वाटेत समुद्राचे पाणी तसेच सोडले तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आत राहतात. म्हणून ती वाट गोड्या पाण्याने धुवायची. रीत सोपी आहे. समुद्राचा कॉक बंद करून पंपाची ओढणारी नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडावी आणि इंजीन दहा-पंधरा मिनिटे मंद चालवावे. पिंपात पाणी घालत राहावे, ते संपू देऊ नये. नळाची जोरदार धार थेट नळीला जोडून, इंजीन बंद असताना पाणी आत ढकलणे मात्र धोक्याचे. ज्या बोटींत हे पाणी धुराच्या नळीतून बाहेर पडते, तेथे ते मागे चढून सिलिंडरमध्ये शिरू शकते. पाणी दाबले जात नाही. पुढच्या वेळी इंजीन फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतो. धुऊन झाल्यावर खालचे सगळे कॉक उघडून पाणी सोडावे. पाणी येणे थांबले म्हणजे संपलेच असे नाही. तारेने भोक टोचून पाहावे, कारण बहुधा वाळू आणि गंजाचा चुरा तेथे अडकलेला असतो.

काही जुने जाणते सांगतात की एवढा खटाटोप कशाला, जुलैत नदीच गोडी होते, तेव्हा इंजीन चालवले की आपोआप धुऊन निघेल. अर्धी गोष्ट खरी आहे. भर पावसात शापोरा नदी मुखाजवळपर्यंत जवळजवळ गोडी होते, आणि बोटीच्या तळाला चिकटलेले खाऱ्या पाण्यातले पुष्कळ जीव त्या पाण्यात तगत नाहीत. हा नदीत बोट ठेवण्याचा मोठाच फायदा. पण तोपर्यंत मिठाला महिनाभर मिळालेला असतो, आणि त्या लाल पाण्यात गाळ इतका असतो की धुण्याऐवजी नळ्या भरायच्या. तेव्हा मे महिन्यातले पिंपच बरे.

आतल्या वाटेतील कूलंट मात्र काढू नये. बर्फ पडत नाही म्हणून त्यात नुसते विहिरीचे पाणी भरणारे बरेच आहेत. कूलंट न गोठण्यासाठी असते हे खरे, पण त्यात गंज रोखणारी द्रव्येही असतात, आणि आपल्याला ती हवी आहेत. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून, टाकी भरून ठेवावी. एक सावधगिरी आहे. बहुतेक कूलंट चवीला गोड आणि अतिशय विषारी असते. सांडलेले कुत्र्या-मांजरांनी चाटले तर मरतात. लहान मुलांच्या हाती डबा लागू देऊ नये आणि रिकामी बाटली पाण्याला वापरू नये.

त्या पंपातच एक छोटा भाग असतो. रबरी पाकळ्यांचे चक्र, त्याला इम्पेलर म्हणतात. पंपाच्या आत काही पाकळ्या वाकलेल्याच राहतात. रोज फिरताना बिघडत नाही, पण दोन महिने एकाच अवस्थेत वाकून राहिल्या की त्या तशाच बसतात, किंवा चिकटून पहिल्याच फेरीत तुटतात. तुटलेला तुकडा नळीत अडकतो आणि इंजीन तापते. म्हणून ते चक्र काढून, धुऊन, पुसून कोरड्या डब्यात ठेवावे. हे काम हात लहान असलेल्या मुलाला मोठ्या माणसापेक्षा चांगले जमते, असे मला वाटते. मात्र चक्र काढले आहे असे ठळक अक्षरांत लिहून ती चिठ्ठी चावीलाच बांधावी. अन्यथा ऑगस्टमध्ये घाईघाईने कोणी तरी इंजीन चालू करील.

डिझेलची टाकी अर्धी ठेवू नये. अर्ध्या टाकीत अर्धी हवा असते, ती दमट असते, आणि रात्री पत्रा थंड झाला की तिच्यातले पाणी भिंतींवर दव धरते. ते थेंब खाली ओघळतात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे जिवाणू व बुरशी वाढतात. ऑगस्टमध्ये फिल्टरमध्ये सापडणारी काळी, बुळबुळीत साय ती हीच. पुस्तकात उपाय दिलेला असतो, टाकी काठोकाठ भरा. येथे माझे मत थोडे वेगळे आहे. हंगामाच्या शेवटी हातात पैसा कमी असतो. एवढे डिझेल विकत घेऊन दोन महिने अडकवून ठेवणे सर्वांना परवडत नाही, आणि राखण नसेल तर चोरीची भीती असते. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करून, तळ पुसून, कोरडी करून बंद ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. अर्धवट मात्र काहीच नको. दोन्ही रीतींत पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या वाटीतले पाणी आधी सोडावे.

लहान होड्यांच्या पेट्रोल इंजिनांविषयी येथेच सांगून टाकतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि पाणी जास्त झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. म्हणून टाकी रिकामी करावी, आणि पेट्रोलची नळी काढून इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो. हे करताना त्यालाही पिंपातले गोडे पाणी द्यायला विसरू नये.

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरांत हवेची वाट आणि धुराची वाट यांपैकी काही झडपा कायम उघड्या असतात. इंजीन कोठेही थांबो, कुठली तरी झडप उघडी राहणारच. तेथून दमट हवा सरळ सिलिंडरच्या भिंतीला भिडते. म्हणून मिस्त्रीकडून इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल घालावे, इंजीन हाताने दोन-तीन फेरे फिरवावे आणि इंजेक्टर परत बसवावे. त्यानंतर हवेच्या आणि धुराच्या तोंडाला तेलात भिजवलेले फडके कोंबून वर प्लॅस्टिक बांधावे. याचीही चिठ्ठी चावीला.

दर आठवड्याला जाऊन पाच मिनिटे इंजीन चालवून यावे, अशी एक समजूत आहे. चांगल्या हेतूने केलेले हे काम नुकसानीचे आहे. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजीन पुरते तापले तर ती निघून जाते. पाच मिनिटांत ते तापत नाही, वाफ आतच थंड होऊन तेलात मिसळते. एक तर बोट बांधलेल्या अवस्थेत गिअर टाकून अर्धा तास नीट तापेपर्यंत चालवावे, नाही तर अजिबात चालवू नये. फडकी कोंबून ठेवलेल्या इंजिनाला दुसराच पर्याय लागू.

बॅटरी काढून घरी आणावी. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.४ च्या खाली गेली की पुन्हा भरावी. ती नुसती ठेवली तरी उतरते, आणि उकाड्यात अधिक वेगाने उतरते. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो, मग ती कितीही भरली तरी ताकद येत नाही. भरताना तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून देवघरातल्या समईजवळ किंवा चुलीपाशी ठेवू नये. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते असे सर्वत्र म्हणतात. आताच्या प्लॅस्टिकच्या बॅटरीबाबत ते खरे नाही. तरी फळीवर ठेवावी, तेवढीच कोरडी राहते.

एवढे सगळे करूनही बोटच बुडाली तर काय उपयोग? हे अतिशयोक्तीने लिहिलेले नाही. गणिताच्या वर्गासाठी एक उदाहरण घ्या. बोटीचा डेक १२ मीटर लांब आणि सरासरी ४ मीटर रुंद आहे. जुलैतील एका दिवशी १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि असे दिवस आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर, म्हणजे पडलेले पाणी ४,८०० लिटर. बहुतेक पाणी बाजूंच्या भोकांतून वाहून जाईल. पण विसावा भाग जरी फटींतून आत झिरपला, तरी एका दिवसात २४० लिटर. सलग सात दिवस असाच पाऊस झाला तर १,६८० लिटर. शाफ्टभोवतीच्या गाळ्यातून नदीचे पाणी थेंब थेंब येते ते निराळे. इंजिनाचा स्टार्टर आणि गिअरबॉक्स सर्वांत खाली असतात, म्हणजे पाणी आधी तेथे पोचते. आणि बॅटरी घरी आणलेली असल्यामुळे पाणी उपसणारा पंपही बंद!

म्हणून डेकची भोके पालापाचोळ्याने तुंबू देऊ नयेत, आणि पावसात दर दोन-तीन दिवसांनी कोणी तरी जाऊन पाणी उपसून यावे. कोकणात यासाठी बोटी शाकारण्याची जुनी रीत आहे. माडाच्या झावळ्यांचे झाप विणून बोटीवर उतरते छप्पर करतात. झापाखाली पाणी येत नाही पण वारा खेळतो. आता निळे प्लॅस्टिक सर्रास वापरतात. तेही चालेल, पण चारी बाजूंनी घट्ट गुंडाळू नये. आत कोंडलेली वाफ बाहेर जायला दोन्ही टोके उघडी ठेवावीत. घट्ट गुंडाळलेल्या प्लॅस्टिकपेक्षा विरलेला झाप परवडला.

बाहेरच्या धातूंचे थोडे. पितळी पंखा आणि पोलादी भाग एकाच खाऱ्या पाण्यात, एकमेकांना जोडलेले असले की त्यांची बॅटरीच बनते आणि कमी दर्जाचा धातू खाल्ला जातो. त्याला वाचवण्यासाठी त्याहूनही लवकर विरघळणारे जस्ताचे ठोकळे लावतात. हे तत्त्व १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडले. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा खारे पाणी खात होते. डेव्हीने त्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांबे खरोखर वाचले. पण गंमत अशी झाली की तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचा विषारीपणाही गेला, आणि शंख-शिंपल्यांसारखे जीव तळाला थरांनी चिकटून जहाजे मंद झाली. नौदलाने तो प्रयोग सोडून दिला. तत्त्व मात्र खरेच होते, आणि आज ते प्रत्येक ट्रॉलरच्या सुकाण्याजवळ दिसते. बोट बाहेर काढली असेल तर ठोकळे पाहावेत. निम्म्याहून अधिक झिजलेले बदलावेत. त्यांना रंग कधीही लावू नये. रंगवलेले जस्त काही कामाचे नाही, तरी दरवर्षी कोणी ना कोणी हौसेने रंगवतोच.

बागायतदार पालकांसाठी दोन शब्द. डिझेल पंप जूनपासून दसऱ्या-दिवाळीपर्यंत पडून असतो, म्हणजे बोटीपेक्षाही जास्त. त्याला मीठ लागत नाही एवढेच. तेल बदलणे, टाकीचा नियम, धुराच्या तोंडाला फडके आणि पंपातले पाणी सोडणे, या चार गोष्टी त्यालाही कराव्यात.

आता ऑगस्ट. चावीच्या चिठ्ठ्या वाचून काढलेल्या वस्तू परत बसवाव्यात हे उघड आहे. पण त्याआधीची एक गोष्ट जिवाची आहे, आणि ती घरातील प्रत्येकाला माहीत असली पाहिजे. दोन महिने बंद राहिलेल्या तळघरात किंवा मासे ठेवायच्या कप्प्यात झाकण उघडताच उतरू नये. गंजणारे लोखंड हवेतला प्राणवायू वापरून टाकते. साचलेल्या पाण्यात सडणाऱ्या माशांच्या अवशेषांतून हायड्रोजन सल्फाईड निघतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १६ च्या खाली गेला की माणसाला काही कळण्यापूर्वी भोवळ येते. अशा ठिकाणी एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. बोटींवर, विहिरींत, मलटाक्यांत, सगळीकडे असेच घडत आले आहे. म्हणून सर्व झाकणे उघडून काही तास वारा जाऊ द्यावा, शक्य तर पंखा लावून हवा आत सोडावी, कमरेला दोर बांधून एकानेच उतरावे आणि दुसऱ्याने वर उभे राहावे. खालच्याने उत्तर दिले नाही तर वरच्याने उतरायचे नाही, दोर ओढायचा आणि माणसे बोलवायची.

त्यानंतर इंजीन. फडकी काढली का ते पाहावे. इम्पेलर बसवून समुद्राचा कॉक उघडावा. तेलाची पातळी दांडीने पाहावी. ती वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, आत पाणी गेले आहे. डिझेलच्या नळीतली हवा काढावी. इंजीन प्रथम हातानेच एक पूर्ण फेरा फिरवावे. अडकले तर चावी लावू नये, मिस्त्रीला बोलवावे. चालू झाल्यावर तेलाचा दाब आणि बाहेर पडणारे पाणी, दोन्हीकडे लगेच लक्ष द्यावे. अर्ध्या मिनिटात पाणी आले नाही तर बंद करावे. पहिला धूर निळसर आणि दाट येईल, ते सिलिंडरमध्ये घातलेले तेल जळते आहे. थोड्या वेळाने तो निवळतो. निवळला नाही, किंवा तापल्यावरही पांढरा येत राहिला, तर त्या दिवशी बोट धक्क्यालाच बांधून ठेवावी.